प्रियदर्शीच्या दोन चिकित्सा

पालघर जिल्ह्यातील आजचे नालासोपारा हे प्राचीन काळी शूर्पारक नावाचे भरभराटीचे बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना ब्राह्मी लिपीतील अक्षरे कोरलेला एक तुटका शिलाखंड मिळाला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तो अंश होता. पुढे १९५६ साली, म्हणजे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचाही एक तुकडा हाती आला. महाराष्ट्राच्या भूमीवर सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हे आहेत. पूर्वीचे राजे करमणुकीसाठी दौऱ्यावर निघत, त्यात शिकार आणि तशाच प्रकारची मौज चाले. या राजाने मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थळी जाऊन धम्मयात्रा सुरू केली, असा आठव्या लेखाचा आशय आहे. आपल्या या भूमीवरच्या लिखित इतिहासाच्या पहिल्या पानावर एका राजाने शिकार सोडल्याची नोंद असावी, ही गोष्ट आम्ही दर वर्षी इतिहासाच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

शाळेच्या या स्मरणिकेसाठी सम्राट अशोकाच्या जीवनावर लिहावे, अशी सूचना आम्हाला झाली. अशोकावर विपुल लेखन झाले आहे. त्याच्या स्तूपांविषयी, धम्मप्रसाराविषयी, तिसऱ्या संगीतीविषयी आपण भीमजयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्याख्यानांतून नेहमीच ऐकतो. त्याच्या चरित्राची एक बाजू मात्र त्या मानाने मागे राहते. ती म्हणजे मुक्या जीवांसाठी त्याने केलेले कार्य. ती बाजू निवडण्यामागे एक प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील मुलांनी रस्त्यावर वाहनाखाली पाय चिरडलेले कुत्र्याचे एक पिल्लू उचलून आणले. मुलांनी वर्गणी काढली, पिल्लाला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले आणि भांडारघराच्या आडोशाला पोत्यावर त्याची व्यवस्था केली. दुसऱ्या दिवशी तासाला आम्ही या कृतीचे कौतुक करून अशोकाचा दाखला दिला. तेव्हा नववीतील एका मुलाने उभे राहून विचारले, की गुरुजी, आमच्या आजोबांच्या गावात कुत्रे पाटलाच्या ओसरीवर बसत असे आणि आजोबांना मात्र अंगणाबाहेर उभे राहावे लागे. मग कुत्र्यावर दया करणाऱ्यांना आपण चांगले का म्हणायचे? वर्ग शांत झाला. त्या क्षणी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

राजपुत्र ते सम्राट

मौर्य साम्राज्याचा संस्थापक चंद्रगुप्त याचा अशोक हा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. तक्षशिला आणि उज्जयिनी येथे त्याने राजपुत्र या नात्याने कारभार पाहिला, असे परंपरा सांगते. उज्जयिनीला जाताना विदिशेत त्याची भेट देवी नावाच्या श्रेष्ठिकन्येशी झाली आणि महेंद्र व संघमित्रा ही त्यांची अपत्ये पुढे धम्म घेऊन सिंहलद्वीपाला गेली, ही कथा सिंहली ग्रंथांनी जतन केली आहे. इसवी सनपूर्व २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला.

राज्यावर येण्यापूर्वीच्या अशोकाविषयी अनेक भीषण कथा आहेत. त्याने नव्याण्णव भावांना मारले, तो चंडाशोक होता, त्याने छळाचे एक कारागृह बांधले होते, असे उत्तरकालीन ग्रंथ सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या कथा जपून वाचाव्यात. परिवर्तन जितके मोठे दाखवायचे, तितका आधीचा अंधार गडद रंगवायचा, ही कथाकारांची रीत असते. अशोकाच्या स्वतःच्या लेखांत तर भावा-बहिणींच्या कुटुंबांची काळजी घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आढळतो. त्यामुळे त्याने स्वतः दगडावर जे कोरून ठेवले तेच आम्ही मुख्य साधन मानतो. त्यातला अशोक दंतकथेतल्या अशोकापेक्षा अधिक माणूस वाटतो, कारण आपली चूक तो स्वतः सांगतो.

कलिंग

राज्याभिषेकाच्या आठव्या वर्षी त्याने कलिंग जिंकले. तेराव्या शिलालेखात त्याने जे आकडे दिले आहेत, ते कोणत्याही विजयी राजाने इतक्या उघडपणे क्वचितच दिले असतील. दीड लाख लोक देशोधडीला लावले गेले, एक लाख ठार झाले आणि त्याच्या कित्येक पट लोक नंतर मेले. केवळ मृतांची गणती करून तो थांबला नाही. जे वाचले त्यांच्या आप्तेष्टांवर जे दुःख कोसळले, तेही त्याने हिशेबात धरले. विजयाच्या लेखात पराभूतांच्या घरचा शोक नोंदवणारा हा राजा पुढे लिहितो, की या लोकांच्या शतांश वा सहस्रांश लोकांवर तशी वेळ आली तरी ती आता त्याला जड वाटेल.

अशोकाची करुणा माणसापासून सुरू झाली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आधी पशूंवर दया आणि मग जमले तर माणसांवर, असा तिचा क्रम नाही. रणात मेलेल्या हत्ती-घोड्यांची गणती त्या लेखात नाही. ती माणसांची आहे. माणसाच्या मरणाने त्याचे मन हलले आणि एकदा हलल्यावर ते माणसापाशीच थांबले नाही.

या लेखाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ओडिशातील धौली आणि जौगड येथे, म्हणजे खुद्द कलिंगात, अकरा ते तेरा हे शिलालेख कोरलेलेच नाहीत. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत. त्यांत सर्व माणसे ही आपली अपत्ये आहेत, या भावनेने राजा अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद देतो. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांना त्यांच्याच दुःखाचे आकडे वाचून दाखवायचे नाहीत, एवढा विवेक त्यामागे असावा, असे आम्हाला वाटते. धौलीच्या त्या खडकावर हत्तीचा पुढचा अर्धा भाग कोरलेला आहे. जणू दगडातून तो बाहेर येत आहे.

राजाचे स्वयंपाकघर

पशुहिंसेविषयी अशोकाने सुरुवात कोठून केली? स्वतःच्या स्वयंपाकघरापासून. पहिला शिलालेख सांगतो, की पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लक्षावधी प्राणी कालवणासाठी मारले जात. हा आकडा ढोबळ असला तरी राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून किती जणांच्या पंगती उठत असतील, याची कल्पना त्यावरून येते. लेख कोरला त्या वेळी ही संख्या तीनवर आली होती: दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे आश्वासन लेखाच्या शेवटी आहे.

विद्यार्थी येथे हसतात. सगळे बंद केले तर दोन मोर कशाला ठेवले, असे विचारतात. आम्हाला मात्र अशोकाच्या चरित्रातील ही सर्वांत मोलाची जागा वाटते. आपण सर्व सोडले, असे तो खोटे लिहू शकला असता. त्याला कोण विचारणार होते? पण अजून आपल्याकडून काय सुटलेले नाही, हेही त्याने साम्राज्यभर दगडावर कोरून जाहीर केले. पंचशील घेतलेल्या प्रत्येकाला हा अनुभव परिचित आहे. शील हे एका दिवसात पूर्ण होत नाही. ते पाळताना आपण कोठे उणे पडतो, हे स्वतःशी मान्य करणे हाही शीलाचाच भाग आहे.

याच लेखात प्राण्यांचा बळी देण्यास मनाई आहे आणि समाज नावाच्या विशिष्ट उत्सवांवर बंदी आहे. ही मनाई राजधानीपुरती होती की साऱ्या राज्यात, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ज्या काळात यज्ञातील पशुबळी हे प्रतिष्ठेचे कर्म होते, त्या काळात राजाने ते नाकारणे ही सामाजिक क्रांतीच होती. तथागतांनी यज्ञातील हिंसेला नकार दिला होता. सम्राटाने त्या नकाराला राज्याचे बळ दिले.

अफगाणिस्तानातील कंदाहार येथे १९५८ साली उजेडात आलेल्या ग्रीक आणि अरामी भाषांतील लेखातही हाच क्रम दिसतो. आधी राजा स्वतः प्राणिहत्येपासून दूर राहिला, मग इतर माणसांचा उल्लेख येतो, आणि राजाच्या शिकाऱ्यांनी व कोळ्यांनीही आपले काम थांबवले. उपदेश वरून खाली आला खरा, पण त्याग आधी वरच्याने केला.

दोन चिकित्सा

आता दुसऱ्या शिलालेखाकडे वळू. या लेखाच्या शीर्षकाचा आधार तोच आहे. आपल्या राज्यात सर्वत्र, आणि सीमेपलीकडील चोळ, पांड्य, सातियपुत्र, केरळपुत्र यांच्या प्रदेशांत, ताम्रपर्णीपर्यंत, तसेच अंतियोक या यवन राजाच्या व त्याच्या शेजारी राजांच्या मुलखातही दोन चिकित्सा सुरू केल्याचे अशोक सांगतो: माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा. माणसाला आणि पशूला उपयोगी अशा औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या. मुळे आणि फळेही आणवली. रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली. तीही पशू आणि माणूस या दोहोंच्या उपभोगासाठी.

अशोकाने जगातील पहिली पशुरुग्णालये बांधली, असे आपल्या व्याख्यानांतून सरसकट सांगितले जाते. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही येथे थोडी सावधगिरी सुचवतो. लेखात शब्द आहे तो चिकित्सा हा. इमारतीचा उल्लेख नाही. पण त्यामुळे अशोकाचे मोठेपण कमी होत नाही, उलट ते अधिक कळते. इमारत एका गावात उभी राहते. औषधी झाड मात्र ज्याच्या बैलाच्या खांद्याला जखम झाली आहे त्या शेतकऱ्याच्या वाटेवरच उभे असते. आजारी जनावराला दूर नेता येत नाही, हे ज्याने गुरे सांभाळली त्याला ठाऊक असते. म्हणून औषधच त्याच्यापर्यंत नेणे, ही खरी व्यवस्था. आज जखमी प्राण्यांसाठी निवारे चालवणाऱ्या संस्था फिरते दवाखाने ठेवतात, त्यामागचा विचार हाच आहे.

सातव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या सत्ताविसाव्या वर्षी, या कामाचा आढावा पुन्हा येतो: वडाची सावली, आमराया, ठरावीक अंतरावर विहिरी, विश्रांतिस्थाने, पाणपोया; आणि पुन्हा तेच दोन लाभार्थी, पशू आणि माणूस. तेथेच तो नम्रपणे म्हणतो, की अशा सुखसोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या. आपला हेतू एवढाच, की लोकांनी धम्माप्रमाणे वागावे.

पशू आणि माणूस एका ओळीत, एका विहिरीवर. हे वाक्य वर्गात सांगताना आम्हाला दर वेळी महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. ज्या कोकणाच्या किनाऱ्यावर सोपाऱ्याचा शिलालेख उभा होता, त्याच कोकणात बावीस शतकांनंतर ही स्थिती होती. अशोकाच्या विहिरीवर पशूला माणसाच्या बरोबरीने स्थान मिळाले होते. महाडच्या तळ्यावर पशूचे स्थान तसेच राहिले होते. माणसालाच तेथून हाकलले होते. दोष तळ्यावर पाणी पिणाऱ्या गुरांचा नव्हता. ज्यांनी गुरांना पाणी देऊन माणसाला नाकारले त्यांच्याकडे करुणा नव्हतीच, होती ती केवळ सवय आणि मालमत्तेची काळजी.

सव्विसाव्या वर्षीचा लेख

पाचवा स्तंभलेख राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीचा. प्राण्यांच्या संरक्षणाचा इतका तपशीलवार राजकीय दस्तऐवज प्राचीन जगात दुर्मीळ आहे. ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादीच त्यात दिली आहे: पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, मोकळा सोडलेला वळू, पांढरी कबुतरे आणि गावातील पारवे. त्यांशिवाय, जे उपयोगात येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, असे सर्व चतुष्पाद. गाभण असलेल्या किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील त्यांची पिल्ले अवध्य ठरवली.

त्यापुढच्या सूचनांत अशोकाचे निरीक्षण किती बारीक होते ते दिसते. कोंबड्याचे खच्चीकरण करू नये. ज्या भुसात जीवजंतू आहेत ते जाळू नये. विनाकारण किंवा प्राणी मारण्यासाठी रानाला आग लावू नये. एका जिवावर दुसरा जीव पोसू नये. ठरावीक तिथींना आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत. ठरावीक दिवशी बैल, बोकड, मेंढा, डुक्कर यांचे खच्चीकरण करू नये. ठरावीक दिवशी घोड्यांना व बैलांना डाग देऊ नयेत.

भूस जाळू नये, या एका सूचनेपाशी आम्ही थबकतो. खळ्यावर मळणी झाली की उरलेल्या भुसात उंदरांची पिल्ले, किडे, मुंग्या राहतात, हे पाटलीपुत्राच्या राजवाड्यात बसून कळत नाही. कोणीतरी ते राजाला सांगितले असले पाहिजे, किंवा त्याने ते पाहिले असले पाहिजे. विदर्भातील चंद्रपूर जिल्ह्यातही देवटेक येथे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा एक जुना ब्राह्मी लेख मिळाला आहे. तो अशोकाच्या एखाद्या महामात्राचा असावा, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. म्हणजे ही आज्ञा केवळ मगधापुरती नव्हती. तिचे पडसाद आपल्या रानापर्यंत पोहोचले होते.

यादीत काय नाही?

या यादीचे वाचन करताना बाबासाहेबांनी एका गोष्टीवर बोट ठेवले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील त्यांच्या ग्रंथात त्यांनी या स्तंभलेखाचा विचार केला आहे. यादीत गायीचे नाव नाही, हे त्यांनी दाखवून दिले आणि अशोकाने गोहत्येविरुद्ध कायदा केल्याचा समज निराधार ठरवला. अशोकाला पूजेसाठी एखादा प्राणी निवडायचा नव्हता. त्याला निष्कारण हिंसा थांबवायची होती. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून विवेकाने पाळायचे तत्त्व आहे, असे प्रतिपादन केले.

हा भेद आपल्या समाजासाठी केवळ तात्त्विक नाही. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले, आणि ते काम केले म्हणून ज्यांना अपवित्र ठरवले गेले, त्यांच्या आपण पुढच्या पिढ्या आहोत. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते कोणा प्राण्याच्या पावित्र्यासाठी नव्हते. आपल्या माणसांच्या स्वाभिमानासाठी होते. आणि २०१६ साली गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारण्यात आले, हेही आपण विसरू शकत नाही. ज्या सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी दोन चिकित्सांचा लेख आजही उभा आहे, त्याच सौराष्ट्रात मेलेल्या पशूच्या नावाने जिवंत माणसांच्या पाठी फोडल्या गेल्या. त्या पीडित कुटुंबाने २०१८ साली बौद्ध धम्माचा स्वीकार केला. करुणेच्या नावाखाली चालणाऱ्या क्रौर्याला त्यांनी खऱ्या करुणेच्या मार्गाने उत्तर दिले, असे आम्ही मानतो.

अशोकाच्या लेखांत प्राण्यांविषयीचा संयम आणि दास व सेवकांशी योग्य वागणूक या गोष्टी जोडीने येतात. भुईगावला ज्याचा तुकडा मिळाला त्या नवव्या शिलालेखात खरे मंगल कोणते हे सांगताना दोन्ही एकाच दमात सांगितल्या आहेत. चौथ्या स्तंभलेखात न्यायदानात आणि शिक्षेत समता असावी, असे तो बजावतो. म्हणून कोणाची प्राणिदया खरी आणि कोणाची दिखाऊ, हे ओळखण्याची कसोटी अशोकानेच देऊन ठेवली आहे. घरातल्या नोकराशी, गावातल्या दुबळ्याशी तो माणूस कसा वागतो, ते पाहावे.

मर्यादा आणि मार्ग

अशोक निर्दोष नव्हता. त्याने देहदंड रद्द केला नाही. शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली. अरण्यातील टोळ्यांना त्याने प्रेमाबरोबरच आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून दिली. कलिंगाचे राज्य त्याने परत केले नाही. या गोष्टी झाकून ठेवल्याने त्याचे चरित्र मोठे होत नाही. सत्ता हाती असलेला माणूस किती बदलू शकतो आणि कोठे अडतो, हे दोन्ही त्यातून शिकावे.

अशोकाचे शेवटचे मोठे शहाणपण सातव्या स्तंभलेखात आहे. धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली, असे तो सांगतो: एक नियमांनी आणि दुसरा मनन व मनधरणीने. अमुक प्राणी मारू नयेत, असे अनेक नियम आपण केले, पण नियमाचे फळ थोडे; माणसाचे मन वळवल्याने जे साधते ते फार मोठे, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्याच्या हाती अफाट सैन्य होते आणि ज्याचा शब्द हाच कायदा होता, त्या राजाने सत्तावीस वर्षांच्या अनुभवाअंती असे लिहावे, हे आम्हा शिक्षकांना फार धीर देणारे आहे.

इसवी सनपूर्व २३२ च्या सुमारास अशोकाचे निधन झाले. त्याची लिपी लोक विसरले आणि त्याचे स्तंभ दंतकथांचा विषय झाले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचे वाचन पूर्ण केले आणि प्रियदर्शी राजा पुन्हा बोलू लागला. १९१५ साली मस्की येथील लेखात अशोक हे नाव मिळाल्यावर प्रियदर्शी म्हणजेच अशोक, हे निश्चित झाले. १९४७ साली त्याचे चक्र राष्ट्रध्वजावर आले. १९५० साली सारनाथचा सिंहस्तंभ राजमुद्रा झाला. त्या स्तंभाच्या पायाशी हत्ती, बैल, घोडा आणि सिंह आहेत; त्यांपैकी बैल आणि घोडा आपल्या खिशातील नोटेवर आणि नाण्यावर आपण रोज पाहतो, पण त्याकडे लक्ष जात नाही. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९७६ साली संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांत सजीव सृष्टीविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य नोंदवले गेले. नियम झाले आहेत. अशोकाने सांगितलेला दुसरा मार्ग, मन वळवण्याचा, तो आपल्यावर सोपवलेला आहे.

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर. बाळ, पाटलाच्या ओसरीवर कुत्रे बसत होते ती दया नव्हती. दया असती तर ती ओसरीवर थांबली नसती, अंगणाबाहेर उभ्या असलेल्या तुझ्या आजोबांपर्यंत आली असती. पण आजोबांना जे नाकारले गेले त्याचा राग त्या कुत्र्यावर काढायचा नाही. त्यालाही कोणी विचारून बसवले नव्हते. ज्यांना विहिरीवरून हाकलले त्यांनी आपली विहीर खोदताना ती माणसासाठी आणि पशूसाठी, दोघांसाठी खोदावी. प्रियदर्शीने तशीच खोदली होती आणि बाबासाहेबांनी आपल्याला त्याच धम्माकडे परत नेले.

ते पिल्लू जगले. एक पाय कायमचा आखडला, पण तीन पायांवर ते वसतिगृहाच्या आवारात बरीच वर्षे हिंडत होते. त्याच्या भाकरीची पाळी लावणारा तक्ता मुलांनी भांडारघराच्या दारावर चिकटवला होता. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचे नाव त्या तक्त्यात सोमवारी आणि गुरुवारी असे. त्याने ते कधी लिहिले, हे आम्ही विचारले नाही.